'वॉटरमेलन मॅन'चा कंटाळा येत नाही का तुम्हाला?

मंद्रसप्तक: शेजारच्या धाग्यावर एकाने सल्ला दिलाय, 'जॅझची सुरुवात वॉटरमेलन मॅनने करा.' का म्हणून? तीन कॉर्ड (स्वरसमूह), १६ बार (मात्रांचे गट), घोटघोट घोटलेला एकच ठेका. अमेरिकन पियानोवादक हर्बी हॅन्कॉकने १९६२ साली, वयाच्या २२व्या वर्षी, पहिल्या अल्बमसाठी केलेली चीज. त्याच माणसाचं 'मेडन व्हॉयेज' कुणी ऐकायचं?

ढोलकीवाला: मेडन व्हॉयेजवर पाय हलतो का तुमचा? शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याच्या गाडीची चाकं दगडांवर खडखडायची, त्यातून आलाय हा ठेका. भजनात ठेका बदलत नाही म्हणून कुणी उठून जातं का? बिली हिगिन्सचे ड्रम्स ऐका आधी.

मंद्रसप्तक: पाय हलणं हाच निकष असेल तर विसर्जन मिरवणूक सर्वश्रेष्ठ.

चिकूशेक: खरं दुखणं वेगळं आहे. क्यूबन तालवादक मॉन्गो सान्तामारियाने वाजवलं आणि १९६३ मध्ये ते अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या दहात गेलं. खपलेलं जॅझवाल्यांना सोसत नाही. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्डचं ऐकून हर्बीने रचनेचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, त्या पैशातून कोब्रा ही स्पोर्ट्स कार घेतली. शहाणा माणूस.

उगाचच: हक्कांचा विषय निघालाच आहे तर १९७३च्या 'हेड हंटर्स' अल्बमबद्दल बोला, त्यात हर्बीने वॉटरमेलन मॅन नव्याने केलं. त्याच्या सुरुवातीला तालवादक बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो, ती मध्य आफ्रिकेतल्या बाबेंझेले लोकांच्या 'हिन्देव्हू'ची नक्कल आहे. एका स्वराची शिट्टी आणि मधेमधे गळ्यातला सूर. त्यांना कुठली गाडी मिळाली?

ढोलकीवाला: धागा पळवू नका. संगीत असंच हातोहात पुढे जातं.

उगाचच: जातं की नेतात? माझ्या वडिलांची चाल एका नाटकात वाजली. जाहिरातीत छापलं 'पारंपरिक'. वडील तिसऱ्या रांगेत, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून बसलेले! तुम्ही मला हातोहात शिकवू नका.

चिकूशेक: वाईट झालं. पण त्याचा राग हर्बीवर का?

उगाचच: कारण तुमच्या वडिलांचं नव्हतं ते.

मंद्रसप्तक: मूळ प्रश्न मेला वाटतं. असो. १९७३चं बरं आहे, संथ आहे म्हणून. एवढंच कबूल.

ढोलकीवाला: उपकार झाले. आमच्या कॉलेजच्या बँडला हे एकच यायचं, बेसवाला तर जेमतेम महिनाभर शिकलेला. तरी हॉल उठून नाचला. तुमचं मेडन व्हॉयेज लावलं असतं तर सगळे कॅन्टीनला गेले असते.

मंद्रसप्तक: सकाळपासून डोक्यात ते कलिंगडच वाजतंय, त्याबद्दल सर्वांचे आभार. उद्या मेडन व्हॉयेजवर वेगळा धागा काढतो. तिकडे फिरकू नका.