गाणं लागलं की बोलायला मोकळे? (संगीतपट आणि आपले प्रेक्षक)

रागिणी_धरमपेठ
रविवारी नागपुरातल्या एका मॉलमध्ये संगीत नाटकावर बेतलेला मराठी सिनेमा पाहिला. संवाद चालू असले की सगळे गप्प. गाणं सुरू झालं रे झालं की मोकळे. कोणी पॉपकॉर्न आणायला उठतंय, कोणी "पोचलीस का गं घरी" म्हणून फोनवर बोलतंय. मागच्या रांगेतल्या काकू प्रत्येक पदाच्या दुसऱ्या ओळीपासून सोबत गायच्या, तेही मूळ सुराच्या जरा खालून. आणि शेजारच्या गृहस्थांनी आलाप सुरू होताच खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी काढली आणि तळहातावर घासायला घेतली. तो आवाज कसा असतो हे नागपूरकरांना सांगायला नको. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात, खर्रा बरोबर आत येतो.

माझं म्हणणं असं की संगीतपटात गाण्याच्या वेळी बोलणं हे संवादात बोलण्यापेक्षा वाईट. एरवीच्या सिनेमात गाणं लागलं की बाहेर जाऊन आलं तरी काही चुकत नाही, गोष्ट तिथेच थांबलेली असते. ती सवय आपल्या अंगात मुरली आहे. संगीतपटात गोष्टच गाण्यातून पुढे जाते. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये 'घेई छंद मकरंद' पंडितजी संथ लयीत गातात आणि खाँसाहेब तेच पद द्रुत लयीत, तानांनी भरून. दोन गायकींचं सगळं वैर त्या फरकात आहे. त्या वेळी जो समोसा आणायला गेला त्याने काय पाहिलं?

महालवाला
ताई, एवढीच शांतता पाहिजे तर घरी मोबाईलवर पाहायचा. टॉकीज आहे ती, लायब्ररी नाही. २०१६ मध्ये 'सैराट' लागला तेव्हा 'झिंगाट'वर लोक पडद्यासमोर जाऊन नाचले. कोणी रडलं का? आमच्या वेळी शिट्टी पडली नाही तर पिक्चर पडला समजायचं. हे मॉल आले अन् हे सारे शिष्टाचार आले. काकूले गाणं आवडलं म्हणून गाऊन राहिल्या, कोणाचं काय गेलं?

रागिणी_धरमपेठ
माझं तिकीट गेलं. 'झिंगाट' नाचायलाच केलंय, तिथे कोणी बसून राहिलं तर मीच ढकलेन. पण इथे बाई नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून गातेय आणि मागून दुसरी बाई पुढची ओळ आधीच सांगून टाकतेय.

संत्रानगरीचा_संत
खर्रेवाल्याले काही बोलल्या का तुम्ही?

रागिणी_धरमपेठ
बोलले. म्हणाला, "घ्या ना ताई, साधाच आहे."

संत्रानगरीचा_संत
😂 हा नागपूरचाच माणूस. पुण्यात असता तर तुमचीच तक्रार केली असती.

रंगदेवता
गाण्याच्या वेळी गप्प बसा हे आपल्या परंपरेत कुठून आलं? संगीत नाटकात बालगंधर्वांना वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे, प्रयोग रात्रभर चालायचे. मैफलीत दाद दिली नाही तर गवय्या खट्टू होतो. 'कट्यार'चं नाव काढलंत म्हणून सांगतो, सिनेमाचं मूळ असलेलं १९६७ चं ते नाटक आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं, आणि पहिले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. मुठी आवळून बसलेला प्रेक्षक समोर असता तर वसंतराव खुलले असते का? ज्या गावानं हे नाटक दिलं तिथे "वाहवा" म्हणायला बंदी?

बेसूर_पण_प्रामाणिक
रंगदेवता साहेब, वन्समोअर पद संपल्यावर मागतात. बालगंधर्वांच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवून कोणी गायलं असतं तर पिटातल्या लोकांनीच उचलून बाहेर ठेवलं असतं. शिवाय रंगमंचावरचा नट टाळी ओसरेपर्यंत थांबतो, तबलजी ठेका धरून ठेवतो, मग पुढचं वाक्य येतं. पडद्यावरचा नट कुणासाठी थांबणार? तुमची "वाहवा" संपेपर्यंत पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असतात. मैफलीतली दाद गाणाऱ्यापर्यंत पोचते, सिनेमातली फक्त पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या कानात जाते.

रंगदेवता
पोचायलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडून त्याच जागेवर "आहा" निघतं, त्यासाठीच तर मी तिकीट काढतो. पन्नी आणि फोनबद्दल मात्र मी धागाकर्तीच्या बाजूने.

काळा_कोट_कामठी_रोड
गाण्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकणाऱ्यांबद्दल कोणी बोललं नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात थिएटरमध्ये चोरून चित्रीकरण करण्याला किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख दंड आहे, कैद ३ वर्षांपर्यंत जाऊ शकते. कायदा पायरसीवाल्यांसाठी आहे, स्टेटसवाल्या भाच्यासाठी कोणी पोलीस बोलावणार नाही. तरी "३ लाख" हा आकडा हळूच त्याच्या कानात सांगून पाहा. फोन लगेच खिशात जातो.

जुना_डोअरकीपर
मी एका थिएटरात कामाला होतो, आतली गोष्ट सांगतो. सगळा दोष प्रेक्षकांवर ढकलू नका. आता सीटवर बसून ऑर्डर देता येते. इंटरव्हलला गर्दी नको म्हणून ट्रे पिक्चर चालू असतानाच न्यायला लावतात. आम्ही टॉर्च मारत, "एफ सात कोणाचं?" विचारत फिरतो. मॅनेजरला खाण्याचं बिल दिसते, गाणं दिसत नाही. तक्रार करायची तर तिथल्या तिथं करा. पिक्चर सुटल्यावर काउंटरवर सांगितलं की "हो मॅडम, लक्ष देऊ" एवढंच मिळते. चालू पिक्चरमध्ये बाहेर येऊन सांगितलं तर माणूस पाठवावाच लागते.

छकुलीची_आई
आणि रडणारं बाळ? ते राहिलंच तुमच्या यादीत. आम्ही तीन तास घराबाहेर पडायचंच नाही का?

रागिणी_धरमपेठ
बाळ रडलं की आई लगेच दाराकडे धावते, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय. बाळाचा राग येत नाही. फोनवर "मी पिक्चरमध्ये आहे, बोल" म्हणणाऱ्याचा येतो.

मिहान_नाइटशिफ्ट
यावर उपाय निघालेला आहे. 'विकेड' हा हॉलिवूडचा संगीतपट २०२४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा अमेरिकेतही हेच भांडण झालं. तिथल्या एका मोठ्या थिएटर साखळीनं सिनेमाआधी "गाऊ नका" अशी पाटीच दाखवली. मग २५ डिसेंबरपासून सोबत गाणाऱ्यांसाठी वेगळे शो लावले. काकूंना तिकडे पाठवा, रागिणीताई इकडे. दोघी खूश.

बेसूर_पण_प्रामाणिक
बाप रे. गाणाऱ्यांच्या शोला मी पहिल्या रांगेत.

महालवाला
काय बोलून राहिले भाऊ! मराठी पिक्चरले दुसऱ्या आठवड्यात इथं सकाळचा एक शो मिळायची मारामार. तोही कामाच्या दिवशी. अन् तुम्ही गाणाऱ्यांचा वेगळा अन् न गाणाऱ्यांचा वेगळा मागून राहिले. त्या काकू घरी बसल्या तर तुमचा तो एक शोही जाते, हे मॅनेजरले विचारून पाहा.

जुना_डोअरकीपर
जाते. दहाच्या खाली तिकिटं असली की आम्ही फोन करून विचारायचो, संध्याकाळचा हिंदी चालेल का म्हणून.