ऑटोमॅटिक पिकअपचं गिअरबॉक्स ऑइल बदलायचंय, "लाल म्हणजे सगळं एकच" हे खरं काय?

घाटवाला_कोल्हापूर:
मंडळी, डबल कॅब डिझेल पिकअप हाय, ऑटोमॅटिक, 92 हजार झालं. जाताना गूळ घेऊन रत्नागिरी आणि आत्ता सीझनला येताना आंब्याच्या पेट्या. आंबा घाट चढताना गाडी तापली की दुसऱ्यातनं तिसरा पडताना अडखळल्यागत करतंय, सकाळी थंड असताना कायबी नाही. सर्व्हिसवाले म्हणतात ऑइल लाइफटाइम हाय, हात लावू नका. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणतोय ट्रकच्या स्टेअरिंगला टाकतो तेच टाकू, लाल सगळं एकच. मॅन्युअलमध्ये एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डब्ल्यूएस जातीचं लिहिलंय. कुणाचं ऐकू? आणि डिपस्टिकच घावंना, अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून बसलोय.

टॉपगिअर_कागल:
डिपस्टिक नसणारच भावा, शोधू नगंस 😀 मिस्त्री खोटं बोलत नाही, ट्रकच्या पॉवर स्टेअरिंगला खरंच एटीएफ असतंय, जुन्या डेक्स्रॉन जातीचं, त्यामुळं त्याच्या डोक्यात लाल म्हटलं की तोच डबा. पण लाल हा नुसता घातलेला रंग, गळती कशाची ते कळावं म्हणून. डेक्स्रॉन 3 शंभर डिग्रीला साधारण 7 सेंटिस्टोक (जाडपणाचं माप), डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास, म्हणजे पातळ, आणि तुझ्या गिअरबॉक्सचे व्हॉल्व्ह, क्लच सगळे त्या पातळ ऑइलच्या हिशोबानं केलेत. ब्रँड कुठला पण घे, डब्यावर डब्ल्यूएसला चालतं असं लिहिलेलं पाहिजे. सीव्हीटीचं (बेल्टवर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं) तर चुकून पण नको.

फुलेवाडीकर:
मशीननं फ्लश करून टाक की, दाबानं सगळं जुनं ऑइल एका दमात बाहेर, मी केलतं, काय झालं नाही.

टिपरवाला:
माझ्या टिपरला पण क्लच पेडल नाही, त्याला पण हेच का?

टॉपगिअर_कागल:
नाही ओ, तुमचं एएमटी असणार. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतोय, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतंय, त्याला गिअर ऑइल. हे वाचून लाल आणू नका.

जुना_फिटर:
फुलेवाडीकर, तुमची गाडी किती चाललेली? 92 हजार हात न लावलेल्याला मी तरी मशीन लावणार नाही, दाबानं साठलेला गाळ हलला की व्हॉल्व्हबॉडीत, म्हणजे ऑइलच्या दाबानं गिअर बदलणाऱ्या बारीक वाटांत, जाऊन बसायची भीती. नुसतं ड्रेन करून भरा. एवढं खरं की सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला ऑइलनं भरलेला डबा) आणि कूलरमधलं आतच राहतंय. समजा 10 लिटरातलं 4 निघालं, तर पहिल्यांदा 40 टक्के नवं, दुसऱ्यांदा 64, तिसऱ्यांदा 78. मधे हजार-हजार किलोमीटर चालवा.

आता खरी गोम लेव्हलची. निघालेलं मापून तेवढंच भरा, मग गाडी एकदम सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधनं फिरवून पार्किंगला, आणि ऑइल मॅन्युअलमधल्या टेंपरेचरला आल्यावर लेव्हलचा नट खोला. बऱ्याच गाड्यांत ते 35 ते 45 च्या मधे असतंय. बारीक धार येऊन थेंबावर आली की बंद. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचंच ऑइल तेवढं तापलेलं असतंय, म्हणून पहाटे करा, रात्रभर गाडी उभी पाहिजे. टेंपरेचर गाडीला स्कॅनर जोडूनच बघा, हातानं गिअरबॉक्सखालचा पॅन चाचपून कळत नाही. ऑइल जास्त झालं तर फेस, कमी झालं तर पंप हवा ओढतोय, दोन्हीत गिअर घसरणार.

पॅन उतरवला तर कॉटन वेस्टनं पुसू नका बाबांनो, एक धागा आत गेला तरी पुरे. आणि जुनं ऑइल वास घेऊन बघा. करपल्याचा वास आणि चमकणारा चुरा असंल तर नवं ऑइल टाकून उपयोग नाही, क्लच गेलेत. गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर कूलरमधनं कूलंट मिसळलंय, मग गाडी सुरूच करू नका.

घाटवाला_कोल्हापूर:
काका लई उपकार. रविवारी सहाला केलं. पाण्याच्या मोकळ्या बाटल्यात मापलं, 3.7 लिटर निघालं, लाल कुठलं, काळं चहाच्या डिकॉक्शनगत, पण करपल्याचा वास नाही. पॅनमधल्या मॅग्नेटवर काजळासारखा राखाडी लेप, चुरा नव्हता.

जुना_फिटर:
लेप चालतोय, ती नेहमीची झीज. काढलेलं गटारात सोडू नका फक्त, पंचगंगेत आधीच काय कमी जातंय.

घाटवाला_कोल्हापूर:
नाही नाही, मिस्त्रीच्या ड्रममध्ये गेलं. काल घाट चढून आलो भरल्या गाडीनं, अडखळणं पूर्ण गेलं नाही पण निम्म्यावर आलंय, हजार झाले की परत करतो. मिस्त्री सगळं उभा राहून बघत होता, एक शब्द बोलला नाही. जाताना हळूच विचारतोय, ते टेंपरेचर दाखवणारं स्कॅनर कितीला मिळतंय?