घरी बडबड, शाळेत मौन: वाट पाहावी की दाखवावे?

प्रश्न (एक आई, डिचोली)
माझी सहा वर्षांची मुलगी पहिलीत आहे. घरी तिचे तोंड मिटत नाही, पण शाळेत बाईंनी नाव विचारले तरी ती ओठ घट्ट आवळून खाली पाहते, आणि जूनपासून सुरू झालेला हा प्रकार गणेश चवथीची सुट्टी संपली तरी थांबलेला नाही. सकाळी बालरथाचा (शाळेच्या बसचा) हॉर्न वाजला की तिचे पोट दुखू लागते. रविवारी मात्र दुखत नाही. गणवेशाची कॉलर चावून तिने दोरे काढले आहेत. डॉक्टरांना पोटात काही दोष आढळला नाही. सासूबाई दृष्ट काढतात, यजमान म्हणतात की मोठी झाली की बोलेल. खरोखर थांबावे का?

उत्तर (निवृत्त प्राथमिक शिक्षिका, फोंडा)
ताई, बाईंना एकच गोष्ट विचारा: ती लघवीला जायचे आहे हे तरी सांगते का? लाजाळू मूल काही आठवड्यांत शेजारच्या मैत्रिणीशी कुजबुजू लागते. जे मूल गरज असूनही मागू शकत नाही आणि बाकावरच कपडे ओले करते, त्याला मी नुसते लाजाळू म्हणणार नाही.

उत्तर (समुपदेशक, पर्वरी)
शाळेचा पहिला महिना सोडून त्यापुढे महिनाभराहून अधिक काळ असे मौन टिकले, तर तो निवडक मौनाचा प्रकार असू शकतो. हा हट्ट नसून चिंतेचा विकार आहे. त्यामुळे चारचौघांत ‘बोल ना गं’ असा आग्रह धरल्यास तो वाढतो. मात्र शाळेची भाषा मुलाला नवी असेल, तर काही काळ गप्प राहणे स्वाभाविक असते, आणि श्रवण तपासणीही आधी करून घ्यावी. बिछाना पुन्हा ओला होणे, आवडता खेळ सुटणे, झोप मोडणे याही गोष्टी पाहा. लहान मुलांचे नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून अधिक दिसते, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

उत्तर (एक वडील, पेडणे)
इतक्या लहान वयात मानसोपचाराचा शिक्का कशाला? आमचा मुलगाही असाच होता, सुधारला.

उत्तर (समुपदेशक, पर्वरी)
काही मुले सुधारतात, हे मान्य. पण येथे मौन, पोटदुखी आणि कॉलर चावणे या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत आणि त्या शाळेशी जोडलेल्या आहेत. तपासणी म्हणजे शिक्का नव्हे. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) बालरोग विभागात किंवा आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत दाखवता येईल. तोपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर बोलता येते.

प्रश्नकर्ती
घरी कोकणी आणि मराठी दोन्ही चालतात, शाळा मराठीच आहे. बाईंना विचारले, ती काहीच मागत नाही. पण डॉक्टरांसमोरही ती गप्प बसली तर?

उत्तर (समुपदेशक, पर्वरी)
बसेलच, असे धरून चला. घरी ती मोकळेपणाने बोलत असताना तिच्या नकळत मोबाईलवर थोडे चित्रण करून ठेवा आणि ते तिच्यासमोर न लावता डॉक्टरांना वेगळे दाखवा.