मदत हवी आहे : पुण्याच्या पेठांची घरगुती मार्गदर्शिका सगळ्यांसाठी खुली करायची आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी पाहुण्यांचा राबता कायमचा. नांदेड, अकोला, सोलापूर, बेळगाव, कुठून ना कुठून कोणीतरी येतं आणि एक दिवस हाताशी ठेवून "जुनं पुणं दाखव" म्हणतं. मला दर वेळी सोबत जाणं जमत नाही, म्हणून पेठांमधून पायी फिरण्याची टिपणं काढत गेले. कुठून निघायचं, कुठल्या बोळात वळायचं, कुठे थांबून काय बघायचं. त्यांच्या झेरॉक्स आता नात्यागोत्याबाहेर गेल्या आहेत. ते सगळं नीट लिहून, ज्याला हवं त्याला विनामूल्य मिळेल असं करायचं ठरवलंय. ठिकाणांची यादी माझ्याकडे आहे. मला अडतंय ते दुसऱ्याच गोष्टींवर.

आधी सध्याची वाट सांगते. कसबा पेठ मेट्रो स्थानकात उतरायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि बाहेरगावच्या माणसाला पेठांत येणं फार सोपं झालं. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यानं जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. वर आल्यावर पहिला नमस्कार कसबा गणपतीला, तो ग्रामदैवत. मग तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी, लाल महाल, शनिवारवाडा, दगडूशेठ, त्याच्या समोर भिडे वाड्याची जागा, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा आणि पायांत त्राण उरलं तर केळकर संग्रहालय. परतताना मंडई स्थानक. बसनं येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी ठळक लिहिली आहे : शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी आहेत. ज्या रस्त्यावर उतरलात त्याच रस्त्याच्या पलीकडे परतीची बस शोधत उभं राहू नका, ती दुसऱ्या रस्त्यावरून जाते.

शनिवारवाड्यावर माझं टिपण सगळ्यांत मोठं आहे. १७३० ला बांधकामाला सुरुवात, १८२८ ला आग, हे प्रत्येक फलकावर असतं. पण पाहुणा आत जातो, हिरवळ आणि जोती बघतो आणि "आत तर काहीच नाही" म्हणत बाहेर येतो. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी लिहिलंय की दिल्ली दरवाज्यापाशी आधी थांबा. दाराच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे बघा. हत्तीनं कपाळानं धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते तिथे आहेत. आत गेल्यावर कारंज्याच्या हौदापाशी उभे राहा आणि स्वतःला विचारा, एवढं पाणी आलं कुठून? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळानं शहरात आणलं. वाटेत ठिकठिकाणी हौद होते. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो. हे कळलं की शनिवारवाडा एकटा उरत नाही, सगळ्या पेठा त्याला जोडल्या जातात.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती या वाटेवर नाही, पण तो मी वेगळा अर्धा तास ठेवून घातलाच आहे. नागझरीच्या काठचं हे काळ्या दगडाचं देऊळ अठराव्या शतकातलं, गोसाव्यांनी बांधलेलं. आत एक मुख आणि तीन सोंडा असलेला मोरावर बसलेला गणपती. पण घाईनं आत जाऊ नका. बाहेरच्या भिंतीवर बंदूकधारी शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधताना कोरले आहेत. इंग्रजांनी १७५७ नंतर बंगाल गिळला त्याचं हे चित्र, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. पुण्यातल्या देवळावर गेंडा! लहान मुलं बरोबर असतील तर "गेंडा शोधा" एवढंच सांगायचं, मग ती सगळी भिंत बारकाईनं बघतात. आत संस्कृत आणि फारसी शिलालेखही आहेत.

खाण्यावर फारसं लिहिलेलं नाही. मिसळ, भाकरवडी, मस्तानी यांच्यावर माहितीचा सुकाळ आहे. मंडईबद्दल मात्र लिहिलंय. १८८६ ची ती अष्टकोनी दगडी इमारत आतून मान वर करून बघाच, पण श्रावणात गेलात तर बाहेर पत्री, दुर्वा, केळीचे खुंट घेऊन बसलेल्या बायकांशी दोन शब्द बोला. कुठली पत्री कुठल्या पूजेला, हे त्या जितकं नेमकं सांगतात तितकं मला पुस्तकात सापडलेलं नाही.

आता मदत कशासाठी हवी ते.

सगळ्यांत मोठा प्रश्न तांबट आळीचा. घरच्या पाहुण्याला मी एका ओळखीच्या कारागिराचं दार सांगत असे, दोन-चार माणसं जायची, ते प्रेमानं बोलायचे. तीच ओळ सगळ्यांसाठी छापली तर रविवारी त्यांच्या दारात वीस माणसं मोबाईल धरून उभी राहतील. तिथे हातावर पोट असलेली माणसं काम करतात. दुसरीकडे, काहीच लिहिलं नाही तर लोक ती आळी न बघताच शनिवारवाड्याकडे वळतात आणि तांब्याचं घंगाळ तिसरीकडूनच विकत घेतात. वाड्यांचंही तसंच. सदाशिव आणि नारायण पेठेत अजून राहते वाडे आहेत, त्यांचे चौक, लाकडी खांब, आड बघण्यासारखे आहेत, पण ती कुणाची तरी घरं आहेत. आत दोरीवर कपडे वाळत असतात. तुम्ही असं काही लिहून लोकांना दिलं असेल तर कुठे थांबलात? नाव-पत्ता द्यावा, नुसती आळी सांगावी, की गाळूनच टाकावं?

दुसरं, स्वच्छतागृहं. बायकांना, वयस्कर माणसांना, मधुमेह असलेल्यांना दिवसभराचा कार्यक्रम यावरच ठरवावा लागतो, आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. मेट्रो स्थानकात सोय आहे, संग्रहालयात आहे. मधल्या टप्प्यात, म्हणजे दगडूशेठ ते विश्रामबागवाडा, बाईमाणसानं निर्धास्तपणे जावं अशी जागा कुठली? बसायला सावलीतला कट्टा कुठे? कृपया स्वतः पाहिलेलंच लिहा.

तिसरं, माहिती शिळी होते त्याचं काय करायचं. भिडे वाड्याचंच घ्या. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली ती ही जागा. डिसेंबर २०२३ मध्ये जुनी मोडकळीला आलेली इमारत स्मारकासाठी पाडली. जुनी टिपणं हातात घेतलेला माणूस तिथे वाडा शोधत फिरेल. प्रत्येक ठिकाणाखाली "शेवटचं पाहिलं" म्हणून महिना-वर्ष घालावं असं मनात आहे. अजून काही सोपी रीत आहे का?

---

प्रतिसाद :

ताई, माझं माहेर तांबट आळीतलं, म्हणून लिहिते. नाव-पत्ता देऊ नका, आळी जरूर सांगा. पत्र्याला आकार दिल्यावर भांडं लोखंडी आधारावर धरून हातोडीनं एकसारखे ठोके मारत फिरवतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी नक्षी तर उठतेच, पण तांबं कडकही होतं, भांड्याला लवकर पोचा पडत नाही. ही ओळ छापलीत तर माणूस मशीनच्या भांड्यात आणि हाताच्या भांड्यात फरक करायला शिकेल, आणि ते आमच्या लोकांना पत्त्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. फोटोआधी विचारायचं, ठोके चालू असताना मध्येच हाक मारायची नाही, आणि भाव करताना "बाहेर स्वस्त मिळतं" म्हणायचं नाही, हे तीनही लिहा. एकेका भांड्यावर दिवस जातो हो. आणि छापण्याआधी एकदा आळीत जाऊन वाचून दाखवा. मी येईन बरोबर.

प्रतिसाद :

माझं वय ७८. शनिवार पेठेत जन्म. तुमच्या वाटेत नदी कुठेच दिसली नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळात जाऊन आलेल्या पाहुण्याला हे कोणी सांगत नाही की नदीकाठच्या पेठांत एवढ्या इमारती साठ-सत्तर वर्षांपेक्षा जुन्या का नाहीत. कितीतरी वाडे त्या एका दिवसात गेले. आमच्या पिढीची माणसं अजून बोट दाखवून सांगू शकतात, पाणी इथपर्यंत होतं. आणखी दहा वर्षांनी सांगायला कोणी नसेल. हे तुमच्या कागदात यायला हवं. कोणी लिहून घेणार असेल तर मी संध्याकाळी घरीच असतो.

प्रतिसाद :

गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आईला घेऊन मी हीच वाट केली आहे. स्थानकात लिफ्ट आहे, त्यामुळे सुरुवात आणि शेवट सोपा. शनिवारवाड्यात नगारखान्याच्या पायऱ्या उंच आहेत, त्या तिनं सोडल्या आणि खाली निवांत बसली. तुळशीबागेत राममंदिराच्या आवारात टेकता येतं, बाहेरच्या गर्दीचा तिथे मागमूस नसतो. तुळशीबाग ते मंडई हा तुकडा मात्र सणाच्या दिवसांत वयस्कर माणसाला झेपत नाही, हे स्पष्ट लिहा. स्वच्छतागृहासाठी आम्ही सरळ मंडई स्थानकात उतरलो. मला विचाराल तर तिथे मध्यांतर घ्यावं आणि विश्रामबागवाडा, संग्रहालय हा दुसरा भाग करावा. आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक हे चारही रस्ते मिरवणुकीचे असतात, दुसऱ्या दिवशीही ते लगेच मोकळे होत नाहीत. त्या दिवसांची वेगळी चौकट हवी.

प्रतिसाद :

राहत्या वाड्यांबद्दल. आम्ही अशाच एका वाड्यात राहतो. दिंडी दरवाज्यातून लोक सरळ आत येतात, आजोबा खाटेवर पडलेले असतात, त्यांचेही फोटो काढतात. नका लिहू. विश्रामबागवाड्याचं लाकडी काम कोणालाही बघता येतं. खांब, कमानी, सज्जा यांचं टिपण तिथेच सविस्तर द्या. बाकी वाडे रस्त्यावरून दिसतात तेवढेच.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. वाड्यांचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. राहत्या घरांची सगळी टिपणं काढून टाकते आहे, विश्रामबागवाड्याचं वाढवते. तांबट आळीसाठी दार नाही, मठारकामाची ओळ आणि ती तीन पथ्यं. माहेरवाशीण ताई, तुमच्याबरोबर वाचून दाखवायला नक्की जायचं. मध्यांतराची सूचना तर फारच कामाची, वाट दोन भागांत करते.

काका, तुमचं वाचल्यावर नदीचा तुकडा घातल्याशिवाय मला हे पूर्ण वाटणार नाही. नव्या पुलावरून (म्हणजे शिवाजी पूल) ओंकारेश्वर आणि तिथून शनिवार पेठेतून आत, असा विचार आहे. या आठवड्यात संध्याकाळी येऊ का? तुम्ही म्हणाल तसंच लिहून घेईन आणि छापण्याआधी तुम्हाला दाखवीन.

अजून दोन गोष्टी राहिल्या. दगडूशेठ ते तुळशीबाग या पट्ट्यातल्या स्वच्छतागृहाबद्दल बायकांपैकी कोणी खात्रीनं सांगेल का? आणि सोमवार पेठेच्या बाजूला राहणारं कोणी असेल तर कसबा पेठ स्थानकातून त्रिशुंड गणपतीपर्यंत वयस्कर माणसाच्या चालीनं एकदा चालून बघाल का? रस्ता ओलांडायला कुठे अडतं आणि रिक्षा कुठे मिळते, एवढं कळलं तरी तो भाग लिहून होईल.