सात डाकार, तीन फिनिश: संतोषला डोक्यावर घ्यायचं कशाला?

घाटवाट
काल इथेच एक पोस्ट वाचली आणि रात्रभर चिडचिड झाली, म्हणून वेगळा धागा. पोस्टचा मथितार्थ: 'बंगळुरूचा बाइक रेसर सी. एस. संतोष सात वेळा डाकारला (वाळवंटातली दोन आठवड्यांची रॅली) गेला, तीनदाच शेवटपर्यंत पोचला. 36वा, 47वा, 34वा. याला दंतकथा बनवणं ही कंपन्यांची जाहिरातबाजी. ही सरासरी क्रिकेटमध्ये असती तर रणजीतूनही काढला असता.'

आकडे बरोबर आहेत. पण 2015 पर्यंत भारतातून बाइकवर डाकारला कोणी उतरलंच नव्हतं. विचारायचं कोणाला? आपल्याकडच्या रेड डे हिमालय रॅलीत दगड आणि थंडी मिळते, शे-दोनशे फुटी वाळूचे डोंगर नाही. 2013 ला अबूधाबीच्या रॅलीत संतोष पडला, बाइकने पेट घेतला, मान भाजली. तरी दोन वर्षांत हा गडी डाकारसाठी अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसला स्टार्ट लाइनवर. त्या वर्षी बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरात पाऊस पडलेला, खाऱ्या पाण्याने भल्याभल्या बाइक बसल्या. होंडाचा बारेडा आघाडीवर होता, त्याचीही तिथेच वाट लागली. हा मात्र बाहेर पडला आणि 36वा आला.

आणि कारवाल्याला शेजारी वाट सांगणारा असतो. बाइकवाल्याने एकट्याने रोडबुक (वाटेच्या खुणांची गुंडाळी) वाचायचं, कॅप हेडिंग (होकायंत्राची दिशा) सांभाळायचं, वेपॉइंट (वाटेतले ठरलेले बिंदू) चुकवायचे नाहीत, आणि हे सगळं उभ्याने ताशी शंभरच्या वर. घरबसल्या सरासरी काढणं सोपं आहे.

टाचणी
मथितार्थ कशाला, माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. 

'विचारायचं कोणाला' हे 2015 पुरतं मान्य. 2017 चं काय? हिरो कंपनीची टीम, जर्मनीच्या स्पीडब्रेनने बांधलेली बाइक, मेकॅनिक, फिजिओ सगळं हाताशी. त्याच टीममध्ये पोर्तुगालचा जोआकिम रॉड्रिग्ज, त्याचं आयुष्यातलं पहिलं डाकार, दहावा आला. संतोष 47वा. आता बोला.

चिखलगाडी
बोलतो. रॉड्रिग्ज युरोपात मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस) खेळत मोठा झालेला माणूस. आमच्याकडे ट्रॅक म्हणजे कुणाचा तरी एनए न झालेला प्लॉट. रेसच्या आधी जेसीबी येणार, टेबलटॉप (उडी मारायचे सपाट माथ्याचे उंचवटे) रचणार, रविवारी बक्षीस समारंभाला नगरसेवक, सोमवारी सगळं सपाट. सराव करायचा तर शेतमालकाच्या हातापाया पडायचं. मी एका स्पॉन्सरकडे (नाव घेत नाही) टायरसाठी गेलो, तर म्हणाले टायर नाही, टी-शर्ट देतो. वर स्टिकर दिले. खांदा मोडला तेव्हा वडिलांनी बाइक परस्पर विकली. आणि आम्ही रॉड्रिग्जशी तुलना करणार.

मीरा_रायडर
धाग्यात फक्त पुरुषच का? ऐश्वर्या पिस्से, 2018 ला स्पेनमधल्या बाहा अरागॉनमध्ये (बाहा म्हणजे छोटी आडरान रॅली) स्वादुपिंडाला इजा होईपर्यंत पडली आणि 2019 ला एफआयएम बाहा वर्ल्ड कपमध्ये महिला गटाचं विजेतेपद आणलं. टाचणींना ट्रॉफीच मोजायची आहे ना, मोजा.

टाचणी
मोजली. म्हणजे माझाच मुद्दा. जिंकलेल्यांना चार ओळी, पडलेल्याला दंतकथा.

कोथरूडकर_आजोबा
सगळं वाचलं. 2021 ला डाकारच्या सौदीतल्या वाडी अद-दवासिर ते रियाध टप्प्यावर हा संतोषच डोक्यावर पडून कोमात गेला ना? याला खेळ म्हणतात? माझा नातू दर शनिवारी ताम्हिणीत असले उद्योग करायला जातो, सायलेन्सर काढून. सोसायटीतल्या माणसांची झोपमोड. हे सगळे आदर्श तुम्हीच उभे करता.

पाना_पक्कड
आजोबा, कोमात 'गेला' नाही, मेंदूला विश्रांती म्हणून डॉक्टरांनी औषधाने ठेवला होता. वाचला कारण चांगलं हेल्मेट होतं, हेलिकॉप्टर होतं, आणि त्याच वर्षीपासून बाइकवाल्यांना एअरबॅग जाकीट सक्तीचं झालं होतं. तुमचा नातू ताम्हिणीत पडला तर यातलं काय आहे? निदान हेल्मेट तरी घालतो का? आणि तुम्ही?

कोथरूडकर_आजोबा
मी मंडईत जातो. ताशी वीसच्या वर गाडी जात नाही. हेल्मेट कशाला? मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

पाना_पक्कड
वीसच्या स्पीडनेही डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं की पुरे. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 स्पीड विचारत नाही.

सदाशिव_पेठी
कलम आम्हाला शिकवू नका. 2019 च्या जानेवारीत सक्ती केली तेव्हा पुणेकरांनी रस्त्यावर येऊन विरोध केला होता. आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट मागा.

मीरा_रायडर
खड्डे आहेत म्हणूनच घालायचं ना?? माझ्या आत्याचे यजमान गाडी थांबवून फोन घेत होते, मागून रिक्षाने धडक दिली. स्पीड शून्य. डोक्याला नऊ टाके.

सदाशिव_पेठी
म्हणजे फोन घेताना हेल्मेट घालायचं. छान. कान कुठे लावायचा?

घाटवाट
अहो, धागा डाकारचा आहे! हेल्मेटचा वेगळा काढा, मी येऊन शिव्या देतो.

टाचणी, संतोष नसता तर पुढचे आले असते का? अरविंद के. पी. 2017 ला पहिल्यांदा उतरला, 2019 ला 37वा. मराठी नाव हवं असेल तर आशिष रावराणे 2021 ला. हरिथ नोहा 2021 ला 20वा आणि 2024 ला थेट 11वा, वर रॅली 2 (अव्वल गटाच्या खालचा) गट जिंकला. ही माणसं आभाळातून पडली नाहीत.

टाचणी
हरिथ शोरनूरचा, सुपरक्रॉसचा नॅशनल चॅम्पियन, शेर्को-टीव्हीएसकडून खेळला. संतोष हिरोचा. उद्या मान्सून वेळेवर आला तरी त्याचं श्रेय बंगळुरूला द्याल.

आणि हिरोचं म्हणाल तर 2024 ला डाकारमध्ये दुसरा आला रॉस ब्रँच. बोत्सवानाचा. पैसा आपला, माणूस त्यांचा.

चिखलगाडी
पैसा आपला, बरोबर. माझा टायर तेवढा राहिलाय त्यात.

श्रेयाचं सांगतो. संतोषने बंगळुरूजवळ डर्ट पार्क काढला. तिथे पोरं शिकतात: उभं कसं राहायचं, पडायचं कसं, उठायचं कसं. मी गेलो तेव्हा वय झालं होतं, गुडघा बोलत होता. पण सोळा-सतराची पोरं बघितली. मला त्या वयात असं काही मिळालं असतं तर टी-शर्ट घेऊन परत आलो नसतो.

पाना_पक्कड
आणि आकड्यांचाच हट्ट असेल तर आकडे तरी नीट मोजा. 2020 ला सातव्या टप्प्यात हिरोचाच रायडर पाउलो गोन्साल्विस अपघातात वारला. टीमने सगळ्या बाइक मागे घेतल्या. संतोष पडला नव्हता, बाइक बिघडली नव्हती. ते डाकार त्याच्या नापासाच्या रकान्यात टाकायला लाज वाटली पाहिजे.

टाचणी
गोन्साल्विसचं मी धरलं नव्हतं. बरं, सहा. सहापैकी तीन. खूश? पुतळा कुठे उभारायचा तेही ठरवून टाका.

घाटवाट
पुतळा नको. सरासरी काढायच्या आधी एकदा रोडबुक बांधून माळरानावर पन्नास किलोमीटर जाऊन या, मग बोलू.

टाचणी
मग क्रिकेटवर बोलायला आधी बुमराला खेळून यायचं का?

कोथरूडकर_आजोबा
सहापैकी तीन म्हणजे पन्नास टक्के. आमच्या वेळी पस्तिसाला पास करत. पण सायलेन्सरबद्दल कोणीच काही बोललं नाही. नातवाला आता सांगतोय, हेल्मेट घाल हवं तर, पण आवाज बंद कर.

सदाशिव_पेठी
काका, 'हवं तर' शब्द मागे घ्या. अशानेच सक्ती येते.