वनहक्क दावा 'अपात्र', प्लॉटवर जेसीबी आणि आता जमावावर गुन्हा. कुठून सुरुवात करावी?

डोंगरवाट:

पालघर जिल्ह्यातला एक पाडा, पेसा क्षेत्रातला (म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथला). अकरा कुटुंबांचे, कसत असलेल्या वनजमिनीवरचे, वनहक्क कायद्याखालचे वैयक्तिक दावे ग्रामसभेने ठराव करून वर पाठवले होते. उपविभागीय समितीकडून आलेल्या यादीत अकराही नावांपुढे एकच शब्द आहे, 'अपात्र'. कारण दिलेलं नाही. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीला डकवली, कोणाच्या हातात कागद पडलेला नाही.

पावसाच्या तोंडावर रोपवनाच्या चरांसाठी जेसीबी आला. नागलीच्या रोपासाठी राब (पालापाचोळ्याचा थर) भाजून ठेवलेली जागा पहिल्याच फेरीत उकरली गेली, मुरूम वर आला आणि भाजलेली माती खाली गाडली गेली. माणसं जमली, ढकलाढकली झाली, दगड आले. जेसीबीची काच फुटली, एका वनरक्षकाला लागलं. गुन्ह्यात १४ नावं आहेत आणि पुढे 'इतर ३० ते ४० इसम'.

विचारायचं आहे ते असं: दावा संपला की अजून जिवंत आहे? चर थांबवता येतील का? आणि ज्यांची नावं गुन्ह्यात आहेत त्यांनी आधी काय करावं?

चतुःसीमा:

दावा जिवंत आहे, यात शंका बाळगू नका. उपविभागीय समिती दावा फेटाळूच शकत नाही. ती तपासते आणि शिफारस करते, अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीचा असतो. म्हणून पहिलं काम, या अकरा दाव्यांवर जिल्हा समितीचा निर्णय झालाय का, ते माहिती अधिकारात विचारा. सोबत दोन्ही समित्यांच्या बैठकीच्या इतिवृत्ताची आणि प्रत्येक दाव्याच्या संपूर्ण फाइलची प्रत मागा. बऱ्याचदा फाइल उघडली की आत स्थळपाहणीचा पंचनामाच नसतो.

भिंतीवरच्या यादीबद्दल. वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीने आलेला नियम १२-अ सांगतो की नामंजुरीची किंवा क्षेत्र कमी करण्याची शिफारस दावेदाराला व्यक्तिशः कळवायची, म्हणजे त्याला ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज (अपील) करता येईल. ही मुदत आणखी ३० दिवस वाढवता येते. यादी डकवणं म्हणजे व्यक्तिशः कळवणं नव्हे. तरी मुदतीवर विसंबून बसू नका. अर्ज आजच टाका आणि त्यात 'निर्णय आजतागायत व्यक्तिशः मिळालेला नाही' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घ्या. अकरा जणांचे अकरा स्वतंत्र अर्ज करा. सामुदायिक निवेदनाला आवक क्रमांक मिळतो, पण ते अपील धरलं जात नाही आणि वर्ष फुकट जातं.

त्याच नियमात आणखी तीन गोष्टी आहेत. नामंजुरीची सविस्तर कारणं लेखी द्यावी लागतात. दावेदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याचा अर्ज निकाली काढता येत नाही. आणि ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा परत ग्रामसभेकडे पाठवायचा असतो, तिथेच मारायचा नसतो. एका शब्दाची 'अपात्र' यादी या तिन्हींवर टिकत नाही.

वनखात्याचा नेहमीचा मुद्दा येईल, २००५ च्या उपग्रह छायाचित्रात शेती दिसत नाही. नियमच म्हणतो की उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये हाच सूर लावला आहे. डोंगरउतारावरची वरई-नागली दोन-तीन वर्षं करून जमीन पड टाकतात. पड टाकलेली जमीन चित्रात झुडपी जंगल दिसते, बांधावरच्या मोहाचा घेर वरून रान वाटतो. हे अपिलात लिहा, कारण समितीतल्या अधिकाऱ्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

चरांसाठी वनहक्क कायद्याचं कलम ४(५): दाव्याची मान्यता व पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून हलवता येत नाही. अपिलाची पोच हातात असेल तर प्रक्रिया पूर्ण झालेली नाही हे दाखवता येतं. पोचेची झेरॉक्स, दाव्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव असा संच प्रत्येक घरात ठेवा. जेसीबी आला की भांडायच्या आधी हा संच वनपालाच्या हातात द्या आणि प्रतीवर सही मागा. सही नाकारली तर त्याच दिवशी प्रांत, तहसीलदार आणि उपवनसंरक्षक यांना स्पीड पोस्टाने पाठवा. ग्रामसभेला आणखी एक मार्ग आहे: कलम ८ खाली राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला ६० दिवसांची नोटीस. तेवढ्यात कारवाई झाली नाही तर कलम ७ खाली अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार न्यायालयात नेता येते. ही नोटीस गेली की खालच्या कार्यालयांची भाषा बदलते.

तालुका_कोर्ट:

गुन्ह्याबद्दल. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता लागते. दंड संहितेतलं जुनं ३५३ (कामावरच्या सरकारी नोकरावर हल्ला) आता १३२ झालं आहे. सोबत १८९ आणि १९१ (बेकायदा जमाव, दंगा) आणि १९० (समान उद्देश) असणारच. यातलं १९० सगळ्यात घातक, कारण दगड कोणी मारला हे सिद्ध न करता जमावातल्या प्रत्येकावर त्या दगडाची जबाबदारी टाकता येते. एफआयआरची प्रत आधी काढा आणि जखमेची नोंद वाचा. डोक्याला लागलं असेल तर तपासात १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, वाढवलं जातं आणि जामिनाचं गणितच बदलतं.

दुसरं वाचायचं ते हत्याराचं वर्णन. कमरेला कोयता लावून रानात जाणं हे तिथलं रोजचं जगणं, पण एफआयआरमध्ये तोच 'घातक हत्यारांसह जमाव' होतो आणि दंग्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. चराच्या कामासमोर उभं राहायचं असेल तर कोयता, काठी, गोफण घरी ठेवून या, हे पाड्यावर म्हाताऱ्यांपर्यंत पोचलं पाहिजे.

सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या कलमांत पोलिसांनी सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५(३), जुनं ४१-अ). नोटीस मिळाली तर पळू नका, हजर राहा आणि हजेरीची नोंद मागा. न हजर राहिल्यावर अटक सोपी होते. १४ नावांत त्या दिवशी बाहेरगावी असलेले कोणी असतील तर रोजगार हमीचं हजेरीपत्रक, दवाखान्याचा केसपेपर, एसटीचं तिकीट आत्ताच गोळा करा. 'इतर ३० ते ४०' ही जागा रिकामी ठेवलेली असते, पुढे तिथे कोणाचंही नाव भरता येतं. म्हणून गावातला व्हिडिओ असेल तर मूळ फोनसकट जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत न्यायालयात कमकुवत ठरते.

उलट बाजूची तक्रारही तितकीच गरजेची आहे आणि ती नेहमी राहून जाते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(g) २०१६ पासून स्पष्ट म्हणतं: अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिच्या जमिनीवरून बेकायदा हुसकावणं, वनहक्कांसह कोणत्याही हक्काच्या उपभोगात अडथळा आणणं किंवा पीक नष्ट करणं हा गुन्हा आहे. तक्रारीत राबाचं क्षेत्र, गाडलेल्या मातीचे फोटो, जेसीबीचा नंबर, वेळ आणि आदेश कोणी दिला ते लिहा. एक अडचण आधीच माहीत असू द्या. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा त्याला लागत नाही, आणि पालघर-नाशकात बरेच वनरक्षक आदिवासीच आहेत. तेव्हा आदेश देणारा कोण, हे महत्त्वाचं. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, मग विशेष न्यायालय.

वकिलाच्या फीवाचून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच बसते.

ऐनाचं_झाड:

वनखात्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तुमचंच अपील अडकेल. १३ डिसेंबर २००५ ही वनहक्काची मुदत-तारीख, तिच्या आधीपासून कसलेली जमीनच धरतात; त्यानंतर तोडलेलं रान जुन्या दाव्यात घुसवण्याचे प्रकार होतात. अकरातल्या एका दाव्यात ताजे सागाचे बुंधे दिसले की समिती अकराही दाव्यांकडे संशयाने बघते. ग्रामसभेनेच असा दावा वेगळा काढावा. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत १० ते १५ माणसं असतात, त्यांना कोणती तोड कधीची हे ठाऊक असतं. आणि जखमी वनरक्षक हा बहुधा एकट्याने हजारो एकरांचं बीट सांभाळणारा माणूस असतो. चर कुठे पडायचे हे तो ठरवत नाही, आराखडा वरून येतो.

दगडाने काय हातचं जातं, ते केरळात दिसलं. २००१ मध्ये सरकारने जमीन द्यायचा करार केला, तो पाळला नाही, म्हणून २००३ च्या जानेवारीत आदिवासी वायनाडच्या मुथंगा अभयारण्यात शिरून राहिले. आग लागली, वनकर्मचाऱ्यांना ओलीस धरलं गेलं, १९ फेब्रुवारीला गोळीबार झाला. एक आदिवासी आणि एक पोलीस गेला. सरकारने मोडलेला करार बाजूला पडला आणि पुढची कैक वर्षं लोक खटल्याच्या तारखांना फिरत राहिले. याउलट शेतकरी-आदिवासींचा २०१८ चा लाँग मार्च: ६ मार्चला नाशिकहून निघालेली माणसं १२ तारखेला आझाद मैदानात पोचली, तीही दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालून. वनहक्क दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं लेखी आश्वासन त्या मोर्चाने मिळवलं. ते पुरतं पाळलं नाही म्हणून २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावं लागलं, हेही खरं.

डोंगरवाट:

दोन खुलासे हवेत. शेजारच्या पाड्यावर मंजूर झालेल्या एका दाव्यात २० गुंठ्यांचे १२ गुंठेच आले, ते कसं? आणि जिल्हा समितीनेही नाकारलं तर पुढे कुठे जायचं?

चतुःसीमा:

हातातल्या जीपीएसची चूक झाडाखाली पाच मीटरपर्यंत सहज जाते. २० गुंठे म्हणजे साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर. चारही बाजू पाच मीटर आत सरकल्या तर ३५ बाय ३५ उरतात, म्हणजे १२ गुंठे. मोठ्या प्लॉटला ही चूक जाणवत नाही, लहान प्लॉट खाऊन टाकते. शिवाय मोजणारा माणूस पिकाच्या कडेने चालतो. बांध, पड, खळं आणि राबाची जागा बाहेर राहते. मोजणीच्या आधी बांधाच्या कोपऱ्यांवर चुन्याची खूण करा, प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबायला लावा आणि फेरी बांधाच्या बाहेरच्या अंगाने घ्या. मोजणीचा कागद तिथेच वाचून, पटला तरच सही करा. कमी क्षेत्र मिळालं तर तेही अपिलाचं कारण आहे. कायद्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे, पण ती प्रत्यक्ष कसत असलेल्या क्षेत्रापुरतीच.

जिल्हा समितीनंतर: मे २०२० मधल्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येतं. तुमचा पाडा पेसात आहे, म्हणून ही वाट खुली आहे. रायगडमधल्या कातकरी-ठाकर वाड्यांना ती नाही, कारण रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही. तिथे थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

हिरडा:

पुराव्याचं राहिलं. दोन पुरावे लागतात, आणि वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती हा त्यातला एकच प्रकार आहे. पावती नाही एवढ्याच कारणावर दावा नाकारता येत नाही. दगडी बांध, विहीर, गावदेव, स्मशान हे सगळं नियम १३ मध्ये बसतं. सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे वडीलधाऱ्याचा लेखी जबाब. तो दावेदाराचा किंवा त्याच्या घरातल्याचा नको, शेजारच्या पाड्यावरच्या माणसाचा घ्या. 'फार पूर्वीपासून कसतात' असं मोघम लिहू नका. असं लिहा: '१९७२ च्या दुष्काळात मी साधारण १५ वर्षांचा होतो. त्या वर्षी अमक्याच्या बापाने या जागेत वरई केलेली मी पाहिली. पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला तमक्याचा बांध, उत्तरेला मोठा मोह, दक्षिणेला गाडीवाट.' खाली अंगठा, दोन साक्षीदार, वनहक्क समितीच्या अध्यक्षाची सही. जबाब वाचून दाखवला, असंही लिहा. पाड्यावरची ऐंशीच्या घरातली माणसं कोण ते आजच बघा, आणि जबाब पाऊस लागायच्या आत घ्या.