मेमरी कमी पडली की ॲपला सांगावं का?

पानफुटी
अँड्रॉइड १४ पासून ऑनट्रिममेमरीच्या (मेमरी सोडा असं ॲपला कळवणाऱ्या कॉलबॅकच्या) सात पातळ्यांपैकी ॲपपर्यंत दोनच पोचतात, यूआय हिडन (ॲपचा पडदा दिसेनासा झाला, २०) आणि बॅकग्राउंड (ॲप मागे गेलं, ४०). पातळ्या गेल्या ते बरं झालं. पण म्हणून ॲपला काही कळवूच नये, हे लिनक्स डेस्कटॉप आणि सर्व्हरच्या बाबतीत मला पटत नाही. मोकळी रॅम मोजून कळवणं फसवं, कारण कर्नल रिकामी रॅम पेज कॅशेला (डिस्कवरच्या फाइलींच्या प्रतींना) लावतोच. मोजायचा तो खोळंबा, म्हणजे मेमरीची वाट पाहत प्रोसेस अडकून पडतात तो वेळ. पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) तेच करतं, कर्नल ४.२० पासून (२०१८). ५.२ पासून ट्रिगरही (उंबरठा ओलांडला की प्रोसेसला उठवणारे) आहेत: प्रोकमधली प्रेशर/मेमरी ही फाइल उघडा, `some 150000 1000000` लिहा (आकडे मायक्रोसेकंदांत) आणि पोल करत (सूचनेची वाट पाहत) बसा. १ सेकंदाच्या खिडकीत निदान एखादी टास्क अडकलेली असा वेळ १५० मिलिसेकंदांवर गेला की जाग येते. फाइल बंद केली की ट्रिगर गेला.

बिनस्वॅप
साफ विरोध. खोळंबा मोजला याचा अर्थ रिक्लेम (कर्नलने वापरातली मेमरी परत काढून घेणं) आधीच सुरू झालंय. जाग आलेलं ॲप काय करतं? गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेल्या वस्तू शोधून मेमरी मोकळी करणं. कलेक्टर अख्खी हीप (ॲपच्या वस्तूंची मेमरी) चालत जातो आणि स्वॅपमध्ये (रॅमबाहेरच्या राखीव जागेत) गेलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) परत रॅममध्ये ओढतो, तेही रॅम नसताना. त्यात एकाच ट्रिगरवर चाळीस प्रोसेस एकदम उठल्या की यंत्र बसलंच. फोनवर तर कॅश्ड (मागे राखून ठेवलेलं) ॲप गोठवलेलं असतं. सूचना द्यायला त्याला जागं करण्यापेक्षा मारणं स्वस्त. ॲपने आपली स्थिती आधीच जतन करावी, बाकी एलएमकेडी (मेमरी कमी पडली की ॲप मारणारा अँड्रॉइडचा डेमन) पाहील.

पानफुटी
कलेक्टर चालवणं ही हँडलरची चूक आहे, सूचनेची नाही. थंबनेल, डीकोड केलेली चित्रं असला कॅशे एमएमॅपने कर्नलकडून थेट घेतलेल्या सलग ब्लॉकमध्ये ठेवा आणि मॅडवाइझला (मेमरीबद्दल कर्नलला सल्ला देणाऱ्या कॉलला) डोंटनीड द्या. पानांना हात न लावता ती सुटतात, स्वॅपमधली जागासुद्धा. त्याऐवजी मॅडव्ह फ्री (गरज पडली तरच पानं काढ) हा सल्ला दिलात तर आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली जागा) लगेच उतरत नाही, मग लोक समजतात काही झालंच नाही. हँडलरमध्ये नवं ॲलोकेशन अजिबात नको, लॉगची ओळसुद्धा आधीच राखून ठेवलेल्या बफरमधून. आणि अख्ख्या यंत्राचं प्रेशर ऐकू नका, आपल्या सीग्रुपचं (कर्नल ज्यांचा हिशोब एकत्र ठेवतो त्या प्रोसेसच्या गटाचं) ऐका. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालवणारा व्यवस्थापक) २५४ हेच देतं: फाइलचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतो, मूळ उंबरठा २ सेकंदांत २०० मिलिसेकंद.

बिनस्वॅप
सगळा कॅशे एमएमॅपमध्ये कोण ठेवतं? बहुतेक जण फ्री करून मॅलॉक_ट्रिम (मोकळी हीप कर्नलला परत देणारं फंक्शन) बोलावतात. तोही मोकळ्या तुकड्यांचे हेडर वाचतो, आणि ते स्वॅपमध्ये असतील तर पुन्हा तोच फॉल्ट, म्हणजे पान परत रॅममध्ये ओढणं.

साखळदोर
दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट: खाणारा वेगळा, खोळंबणारा वेगळा. ब्राउझरची ६ जीबी सतत वापरात असते, म्हणून ती रॅममध्येच टिकते. तासभर स्वस्थ बसलेल्या मेल क्लायंटची पानं बाहेर जातात. त्याला क्लिक केलं की तो अडकतो, आणि सूचना त्यालाच! त्याच्याकडे सोडायला असतं ३० एमबी. म्हणजे सीग्रुपचं प्रेशर ऐकणं पुरेसं नाही. मोठ्या ग्राहकाच्या सीग्रुपला मेमरी.हाय (मेमरीची मऊ मर्यादा) लावा. ती ओलांडली की कर्नल त्याच्याच पानांवर रिक्लेम चालवतो, त्याचं ॲलोकेशन मंदावतो, आणि प्रेशर त्याच्याच खात्यावर चढतं.

पानफुटी
हे पटलं. मेमरी.हायशिवाय डेस्कटॉपवर सूचना चुकीच्या दारात जाते. पण मग बिनस्वॅपचा 'उशीर झाला' हा मुद्दा आकड्यांत तपासू. सिस्टमडीची सूचना १० टक्के खोळंब्याला येते. सिस्टमडी-ऊमडीची (प्रेशर वाढलं की प्रोसेस मारणाऱ्या डेमनची) मूळ मर्यादा ६० टक्के, तीही ३० सेकंद टिकली तर. कॅशे सोडायला एवढा अवधी भरपूर झाला.

बिनस्वॅप
डेस्कटॉपवर, हो. फोनवर एलएमकेडी मुळातच १ सेकंदात ७० मिलिसेकंद अंशतः खोळंब्याला (निदान एखादी टास्क अडकलेली) हलतो, तिथे मध्ये अवधीच नाही. आणि डेस्कटॉपवरही माझी अट राहील: रूटशिवाय (प्रशासकाच्या अधिकारांशिवाय) चालणाऱ्या प्रोसेसला ट्रिगरची खिडकी २ सेकंदांच्या पटीतच मिळते. त्या २ सेकंदांत तुमचं ॲप ५०० एमबी मागणारं असेल तर सूचनेची वाट पाहू नका, ॲलोकेशनच्या आधीच कॅशे कापा.